आयर्लंडमध्ये मध्ययुगीन नन्सच्या मठाचे अवशेष पाहायचे असतील तर कुठे जावं? त्यात पाहण्यासारखं काय आहे?

एकाच ठिकाणी जाणार असाल तर क्लॉनमॅकनॉइजच्या नन्स चर्चला जा. ऑफली काउंटीत शॅनन नदीकाठी संत किअरननी सहाव्या शतकात स्थापलेला क्लॉनमॅकनॉइज हा मोठा मठ. बहुतेक लोक तिथले कोरीव क्रूस आणि गोल मनोरे पाहून परततात. तुम्ही मात्र पूर्वेकडची वाट धरा. नन्सचं चर्च मुख्य आवाराबाहेर, थोडं चालून गेल्यावर लागतं.

हे चर्च 1167 मध्ये मीथच्या राजाची मुलगी देर्व्होर्गिल्ला हिने पूर्ण करवलं. आयर्लंडमध्ये तिची ओळख वेगळीच आहे. ब्रेफ्नीच्या राजाची ही राणी 1152 मध्ये लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याने पळवून नेली. पुढे 1166 मध्ये डर्मटला राज्य गमवावं लागलं, त्याने तेव्हा इंग्लंडवर राज्य करणाऱ्या नॉर्मनांची मदत मागितली, आणि 1169 मध्ये त्यांचं सैन्य आयर्लंडमध्ये उतरलं. या सगळ्याचं खापर शतकानुशतकं तिच्या माथी फोडलं गेलं. मला हा सरळ अन्याय वाटतो. ती वर्षभरात परतली होती. अपहरण आणि नॉर्मनांचं आगमन यांत 17 वर्षं गेली, आणि त्या काळात राजांची आपसातली सत्तेची भांडणं चालूच होती. शिवाय तिने भावाच्या सल्ल्याने, गुरंढोरं आणि सामानसुमान घेऊन घर सोडलं, असं जुनी इतिवृत्तंच सांगतात. याच बाईने 1157 मध्ये मेलिफंटच्या मठाला 60 औंस सोनं दिलं होतं. 1193 मध्ये ती तिथेच वारली.

आता वास्तू. छप्पर नाही, भिंती बुटक्या, नन्सच्या राहत्या इमारतींचं जमिनीवर काही दिसत नाही. तरी पश्चिमेचं दार आणि वेदीकडची कमान पाहिली की रोमनेस्क, म्हणजे मध्ययुगातल्या गोल कमानींच्या शैलीतलं आयरिश कोरीवकाम किती उंचीला पोचलं होतं ते कळतं. दोन्ही ढासळली होती. 1865 मध्ये किल्केनीच्या पुरातत्त्व संस्थेने ती पुन्हा उभी केली. दारावर ओळीने पशूंची मुंडकी आहेत, प्रत्येकाने कमानीचा गोल काठ जबड्यात पकडलेला. वेदीच्या कमानीवर नागमोडी रेषा एकमेकींना भिडून शंकरपाळ्यांसारखे चौकोन तयार होतात. त्यांतल्या एकात पाय वर घेतलेली एक छोटी नग्न स्त्री कोरली आहे. ननांच्या चर्चमध्ये ती का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ती चटकन सापडत नाही, म्हणून हाताशी वेळ ठेवून जा.