वर्तमानपत्रं नव्हती तेव्हाच्या बातम्यांचा अभ्यास नेमका कोणत्या विषयात करतात?

तुमची पत्रकारितेची पदवी झाली आहे, वर्तमानपत्राआधीच्या काळात बातमी कशी पोचायची यावर संशोधन करायचं आहे, आणि त्यासाठी प्रवेश इतिहासात घ्यावा, भाषेत की माध्यमशास्त्रात, असं तुम्ही विचारलं आहे. मी मोडी वाचते आणि पेशवेकाळातल्या पत्रव्यवहारावर काम करते, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देते. प्रवेश कुठेही घ्या, पण हे काम एका विषयाच्या बळावर होत नाही. पत्रात काय लिहिलंय हे वाचून निम्मीच गोष्ट कळते. ते कोणी नेलं, कोणत्या वाटेने, किती दिवसांत आणि कोणाच्या पैशाने, हे उरलेलं निम्मं शोधायला वेगवेगळ्या विद्या लागतात.

पानिपतचं उदाहरण घ्या. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. अब्दालीने दिल्लीची वाट रोखल्यामुळे भाऊसाहेबांची पत्रं येणं जवळपास बंद झालं होतं आणि नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेच्या वाटेवर होते. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने दिलेली हकिकत अशी, की सावकारांचा एक कासीद, म्हणजे पत्रं पोचवणारा जासूद, पानिपतहून औरंगाबादेला नऊ दिवसांत पोचायच्या बोलीवर निघाला होता, तो वाटेत पेशव्यांच्या लष्करात सापडला. त्याच्याजवळच्या चिठीत दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा मजकूर होता. ही दोन मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव.

हा प्रसंग आपण सगळेच शोकाचा म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण माध्यमांचा अभ्यास करणाऱ्याने इथे थोडं थांबावं. आपल्याच फौजेची खबर पेशव्यांना सावकारांच्या डाकेतून कळली, हे मला फार मोलाचं वाटतं. पेढ्यांच्या हुंड्या, म्हणजे दुसऱ्या गावी पैसे द्यायच्या चिठ्या, दूरदूरच्या शहरांत फिरत, लढाईच्या निकालावर कोणाची पत राहणार आणि कोणाची बुडणार हे ठरे. म्हणून वेगासाठी पैसे मोजायची त्यांची तयारी असे. मजकूर मोत्यामोहरांच्या भाषेत लिहिला की वाटेत चिठी दुसऱ्याच्या हाती पडली तरी तो हिशेबाचा कागद वाटावा. ही बातमी समजून घ्यायला मोडी वाचणारा जितका लागतो तितकाच सावकारीचा इतिहास जाणणाराही लागतो.

आता वेगाबद्दल. पेशवेकालीन पत्रं पाहाल तर अनेकांवर ‘पै॥’ अशी खूण आणि पुढे तारीख दिसेल. ते पत्र हाती पडल्याची नोंद आहे. पत्र लिहिल्याची तारीख मजकुरात असते, म्हणजे दोन्ही मिळाल्या की प्रवासाचे दिवस निघतात. ऐकायला सोपं वाटतं, करायला नाही. तारीख मुसलमानी महिन्याच्या चंद्राची असते, वर्ष पुष्कळदा लिहिलेलंच नसतं, आणि महिना चंद्रदर्शनाने सुरू होत असल्यामुळे जंत्री, म्हणजे तारखांचा मेळ घालायचं कोष्टक, लावली तरी एखादा दिवस मागेपुढे होतो. आठ दिवसांच्या प्रवासात एक दिवस ही मोठी चूक आहे. तिथे पंचांगगणित नीट येणारं माणूस शेजारी हवं. मग नकाशा: घाट कोणते, नदी पार करता येईल असा उतार कुठे, पावसाळ्यात नर्मदा-तापीचं पाणी वाट किती दिवस अडवून धरायचं. भूगोलाच्या अभ्यासकाला पत्रातलं राजकारण माहीत नसलं तरी चालतं, त्याला ही वाट माहीत असते.

सध्या जगात या क्षेत्रात काय चाललंय हेही पाहा. हेगमधल्या टपाल खात्याचं काम बघणाऱ्या सिमों आणि मारी द ब्रिएन या जोडप्याची एक पेटी आजवर टिकून आहे. तीत १६८० ते १७०६ या काळातली, पत्त्यावर न पोचलेली सुमारे २६०० पत्रं आहेत. टपालखर्च तेव्हा पत्र घेणाऱ्याने द्यायचा असे, म्हणून कोणी तरी येऊन सोडवेल या आशेवर ती जपून ठेवलेली. त्यांतली सुमारे ६०० कधी उघडलीच गेली नव्हती. पाकिटं नसलेल्या त्या काळात कागदालाच घड्या घालून, चिरा पाडून पत्र बंद करत. ते फोडलं तर घडीचा पुरावा कायमचा जातो. म्हणून दातांच्या संशोधनासाठी बनवलेल्या क्ष-किरण यंत्रात पत्र ठेवलं, त्यातून मिळालेल्या प्रतिमेवरून घडी संगणकावर उलगडली आणि २०२१ साली न उघडता वाचलेल्या पत्राचा मजकूर प्रसिद्ध झाला. ते ३१ जुलै १६९७ चं होतं. जाक सेनाक नावाच्या गृहस्थाने हेगमधल्या चुलतभावाकडे एका नातेवाइकाच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल मागितली होती. कागद जपणारे, इतिहासकार, दंतविज्ञानातले तज्ज्ञ आणि संगणकवाले अशा सगळ्यांचं हे एकत्र काम होतं.

हीच युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडणं मात्र कठीण. युरोपातल्या त्या शाईत लोह असतं, ते क्ष-किरणांत उठून दिसतं. आपली शाई बहुतेक काजळाची, म्हणजे कार्बनची, आणि कागदही तसाच कार्बनी. त्यामुळे आपल्या कागदांसाठी पद्धत आपल्यालाच बसवावी लागेल. जुन्नरी आणि दौलताबादी कागदाचा, तो घोटून गुळगुळीत करण्याच्या रीतीचा, घड्यांचा अभ्यास करायला रसायनाची पदवी घेतलेलं कोणी आलं तर मला मनापासून आनंद होईल.

आणि पत्रांवरच थांबू नका. ज्यांना वाचता येत नव्हतं अशा बहुसंख्य लोकांपर्यंत घडामोडी पोचायच्या त्या बाजारात, वारीत, कीर्तनात आणि पोवाड्यात. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आज आपण पुस्तकात वाचतो. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाडे छापले ते गायकांच्या तोंडून मिळवलेले होते. छापताना डफ, तुणतुणं, झीलकऱ्यांची, म्हणजे मागे सूर धरणाऱ्यांची साथ, श्रोत्यांना बघून शाहिराने वाढवलेला पोवाड्याचा एखादा चौक, म्हणजे भाग, हे सगळं बाहेर राहिलं. तिथे लोकसाहित्याचा आणि संगीताचा अभ्यासकच लागतो.

एक आग्रह आहे. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वर्तमानपत्र निघालं आणि तिथून माध्यमांचा इतिहास सुरू झाला, त्याआधी सगळा अंधार, असं गृहीत धरू नका. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता. तरीही पुण्याचं राज्य शेवटपर्यंत हाताने लिहिलेल्या पत्रांवर चाललं, कारण पेशव्यांचे वकील, म्हणजे दरबारातले प्रतिनिधी, असलेल्या हिंगण्यांनी दिल्लीहून काय कळवलं हे गावभर छापायची गोष्ट नव्हती, ठरावीक माणसांनी वाचायची होती.

सुरुवात मोडीच्या वर्गापासून करा. पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ असे वर्ग घेतात. तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड देवनागरीत छापलेले आहेत. त्यातून हिंगण्यांसारखा एक वकील आणि एकच शहर निवडा. पत्राची तारीख, पै॥ ची तारीख, नेणारा कोण, वाट कोणती, ऋतू कोणता, असा तक्ता करा. काही रकाने रिकामे राहतील, काही आकडे पटणार नाहीत. कोणता रकाना तुम्हाला सर्वात जास्त छळतो ते पाहा आणि मार्गदर्शक त्याच विषयाच्या विभागात शोधा.