पहिला कॅमेरा दुर्बिणीला जोडताना

कॅमेरा आला, अभिनंदन! फिल्टर आणि ऑटोगायडरच्या (ताऱ्याचा माग धरून दुर्बीण नेमकी वळवत ठेवणारं यंत्र) मागे इतक्यात लागू नका.

आपल्या कोकण किनाऱ्यावरचा खरा शत्रू म्हणजे दव. डिसेंबरातही रात्री नळी हाताला ओली लागते. भिंग धुकटलं की तारे फुगीर दिसतात आणि माणूस उगाच फोकस फिरवत बसतो. पहिल्या हिवाळ्यात मी तासभर तेच केलं. भिंगावर टॉर्च मारून बघायचं सुचलंच नाही. ड्यू हीटरची पट्टी (भिंगाभोवती गुंडाळून ते किंचित गरम ठेवणारी) दव पडल्यावर नाही, सुरुवातीलाच चालू करा. भिंग पंच्याने तर मुळीच पुसू नका, खारवट थर आणि वाळूचे कण चरे पाडतात. काम झाल्यावर सामान सुकू द्या, मगच सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घालून डब्यात ठेवा.

बाकी थोडक्यात:

- फ्लॅटनर (चित्राच्या कडेपर्यंत तारे नेमके यावेत म्हणून लावायचं जादा भिंग) असेल तर त्यापासून सेन्सरपर्यंत बहुधा 55 मिमी अंतर लागतं. कॅमेऱ्याच्या आतलं अंतरही त्यातच धरायचं. ते विसरलं की कोपऱ्यातले तारे लांबुळके येतात.
- फोकस बातिनोव्ह मास्कने (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी), ठळक ताऱ्यावर. गारवा वाढला की पुन्हा तपासा.
- कॅमेऱ्याचा सेन्सर थंड ठेवणारं कूलिंग असेल तर त्याला वेगळा 12 व्होल्टचा पुरवठा लागतो, नुसत्या यूएसबीवर भागत नाही.

आणि जागा आधी बघून ठेवा, कारण दुर्बिणीच्या माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. रत्नागिरीहून ध्रुव जेमतेम 17 अंश वर असतो, माझ्या अंगणात तर माडाआडच जातो.

सुरुवात मृगातल्या एम 42 या तेजोमेघापासून करा. दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम (एकेक फोटो) पुरेत. पहिला फोटो कसाही आला तरी दाखवा.