दुपारी स्क्रीन काळी, रात्री सगळं ठीक: ग्राफिक्स कार्डाच्या तक्रारी

प्रश्न (अमळनेर): लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कॉम्प्युटरमध्ये आरटीएक्स ३०६० कार्ड आहे, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) मात्र जुनाच, ४५० वॅटचा. एप्रिल लागल्यापासून दुपारी रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ फाईलमध्ये तयार करणं) लावलं की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी पडते आणि कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागतात. कॉम्प्युटर बंद होत नाही. रात्री तेच काम नीट होतं. दुकानदार म्हणतो, कार्ड गेलं, नवीन घ्या.

उत्तर: एवढ्यावरून नवीन कार्ड घेऊ नका. रात्री तेच रेंडर पुरं होतंय, म्हणजे चिप मेलेली नाही. संशय दोघांवरच घ्यायचा: उष्णता आणि वीज. दोन्हींची लक्षणं बाहेरून अगदी सारखी दिसतात, म्हणून आधी आकडे घ्या.

जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून त्यातल्या सेन्सरच्या पानावर नोंद फाईलमध्ये ठेवण्याच्या चौकटीत खूण करा आणि भर दुपारी रेंडर लावा. स्क्रीन गेली की कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून त्या फाईलच्या शेवटच्या ओळी वाचा. चिपचं तापमान, हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं) तापमान आणि १२ व्होल्टचा आकडा, एवढे तीन बघायचे.

तापमान ८५ च्या पुढे गेलं असेल तर दोष उष्णतेचा. या कार्डाची कमाल मर्यादा ९३ अंश आहे. कार्ड खोलीच्याच हवेने थंड होतं, त्यामुळे डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ७० वर चालणारं कार्ड वैशाखात ४२ अंशांच्या खोलीत तेवढ्यावर राहूच शकत नाही. त्यात आपल्याकडची धूळ नुसती धूळ नसते. कापसाचे तंतू तिच्यात मिसळतात आणि पंखा व हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये नमद्यासारखा थर बसतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, थर त्याच्या मागे असतो. कॉम्प्युटरची पिन काढा, कार्ड बाहेर घ्या, ओट्यावर नेऊन मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी भिरभिरली तर बेअरिंग खराब होतं.

हॉटस्पॉट आणि चिप यांच्या तापमानात २५-३० अंशांहून जास्त फरक असेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) वाळली आहे, किंवा हीटसिंक चिपवर नीट टेकलेला नाही. पेस्ट बदलण्याआधी वॉरंटी तपासा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी पातळ लावून पूर्ण चिप झाका आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. मेमरीवरचे रबरी पॅड फाटले तर जाडी मोजूनच नवे आणा. पॅड जाड पडला की हीटसिंक चिपपासून उचलला जातो आणि दुखणं पहिल्यापेक्षा वाढतं.

खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओलसर हवेत धूळ चिकटते, आणि बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले तर बोर्डावर क्षार साचतात.

आता दुसरी शक्यता. स्क्रीन गेली तेव्हा तापमान ६५-७० च असेल आणि १२ व्होल्टचा आकडा ११.४ च्या खाली उतरत असेल, तर एसएमपीएस कमी पडतोय. आकडा बरा दिसला म्हणून मात्र तो निर्दोष ठरत नाही, कारण क्षणभराची घसरण या नोंदीत सापडत नाही. हे कार्ड १७० वॅट घेतं आणि त्याच्यासाठी कंपनीची शिफारस ५५० वॅटच्या एसएमपीएसची आहे. डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. तिथे २० अँपिअर असतील तर हाती फक्त २४० वॅट. त्यातून कार्डाचे १७० गेले की प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि पंख्यांना ७० उरतात. शिवाय एसएमपीएसही त्याच गरम हवेत श्वास घेतो, म्हणून तो दुपारी आधी दम सोडतो.

खर्च करण्याआधी एक चाचणी फुकट करता येते. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज घ्यायची ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणा. कार्ड १२० वॅटच्या आसपास थांबेल. आता दुपारचं रेंडर पार पडलं तर कार्ड शाबूत आहे. मोसम अंगावर असेल तर असंच चालवा, वेळ थोडा जास्त लागेल एवढंच. सवडीने नामांकित कंपनीचा ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस बसवा. मोलेक्सची (एसएमपीएसच्या जुन्या ४ पिनांच्या जोडणीची) वायर जोडून कार्डासाठी ८ पिन बनवणारा कन्व्हर्टर वापरत असाल तर तो आजच काढा. ८ पिनांतून १५० वॅट, म्हणजे साडेबारा अँपिअर जाऊ शकतात, आणि हलका कन्व्हर्टर तिथे वितळतो.

प्रश्न (शिरपूर): नवीन कार्ड बसवलं. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. कार्ड काढलं तरी स्क्रीन येत नाही. प्रोसेसर आय-५ १२४००एफ.

उत्तर: कार्ड काढल्यावर स्क्रीन येणारच नाही. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, त्यामुळे मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट त्याच्याबरोबर चालत नाही. मॉनिटरची वायर कार्डाच्याच पोर्टमध्ये हवी. ती तिथे असेल तर कार्ड काढून पुन्हा बसवा. स्लॉटच्या टोकाची पट्टी 'टक्' वाजली पाहिजे. कार्डाला ६ किंवा ८ पिनांची जागा असेल तर ती रिकामी ठेवू नका. स्लॉटमधून ७५ वॅटच मिळतात.

एक ताकीद. प्रोसेसरची ४+४ पिनांची आणि कार्डाची ६+२ पिनांची वायर दिसायला जुळ्या बहिणी, पण त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात. दाबून बसवायची वेळ आली की समजा, वायर चुकली. तसंच एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला लावू नका.

प्रश्न (भुसावळ): जुनं कार्ड स्वस्तात घेतलं. सुरू करतानाच स्क्रीनवर रंगीत चौकोन आणि उभ्या रेघा येतात. ओव्हनमध्ये भाजल्यावर कार्ड सुधारतं म्हणतात, ते खरं का?

उत्तर: भाजू नका. शिशाविना बनलेला सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतो. त्याच्या खाली भाजलं तर सांधे पुन्हा जुळत नाहीत. तापल्यामुळे चिपच्या आतले तुटके संपर्क थोडे दिवस चिकटतात आणि परत सुटतात. प्लास्टिक, कपॅसिटर आणि फ्लक्सचा धूर ज्या ओव्हनमध्ये बसला, त्यात नंतर अन्न शिजवायचं नाही.

आधी वायर आणि मॉनिटर बदलून पाहा. तरीही बायॉसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) पानावर रेघा असतील तर दोष बहुतेक मेमरी चिपचा. विंडोज तिथे सुरूच झालेलं नसतं, म्हणून ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) बदलण्यात दिवस घालवू नका. मेमरी चिप बदलता येते, पण त्यासाठी बीजीए रीवर्क मशीन (बोर्डावरची चिप उकलून पुन्हा बसवणारं यंत्र) असलेला कारागीर लागतो. त्याला आधी विचारा की कोणती चिप खराब आहे हे तो कसं शोधणार. नेमकं उत्तर न देता नुसतं 'गरम करून देतो' म्हणाला तर कार्ड परत घेऊन या.

बायॉस स्वच्छ आणि रेघा फक्त विंडोजमध्ये, असं असतं तर गोष्ट सोपी होती. इंटरनेट काढून विंडोजच्या सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे जुना ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर चालवायचं आणि कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाकायचा.

पुढच्या वेळी जुनं कार्ड घेताना विक्रेत्यासमोर जीपीयू-झेड उघडा. जुन्या चिपला नवं नाव दिलेली कार्डं बाजारात फिरतात, त्यातली बरीच हे सॉफ्टवेअर बनावट म्हणून दाखवतं. मग एखादा जड गेम २० मिनिटं चालवा. मेमरी कधी कधी तापल्यावरच दोष देते, पहिल्या दोन मिनिटांत नाही.