जर्मन शाळेतली नोकरी म्हणजे जर्मन सरकारची नोकरी का?

प्रश्न : मुलगी पुण्यात जर्मन घेऊन बी.ए. करते आहे, बी-१ (जर्मनची मधली पातळी) पास झाली. परदेशांतल्या जर्मन शाळांना जर्मन सरकार पैसे देतं असं ऐकलं. अशा शाळेत ती शिक्षिका झाली तर ती जर्मन सरकारची नोकरी धरायची का? – एक पालक, सातारा

नमस्कार. नाही, धरता येणार नाही.

या शाळा सरकारी नसतात. जगभरात त्या सुमारे १४० आहेत आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक संस्थाच त्या चालवते, फी घेते. १९६१ मध्ये सुरू झालेली मुंबईची जर्मन शाळा आपल्याला सर्वांत जवळची. जर्मन सरकार या शाळांना पैसा देतं आणि माणसंही देतं. २०१४ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. पुरेशी मुलं जर्मन परीक्षा पास होत असतील तर मदत हा शाळेचा हक्क ठरतो. पण सरकार पाठवतं ते शिक्षक जर्मनीतच तयार झालेले, तिथल्या शाळांतून रजा घेऊन काही वर्षांसाठी आलेले. बाकीचे शिक्षक शाळा स्वतः नेमते, आपल्या पगारावर. स्टाफरूम एक, पगार दोन. हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

मला तुमच्या मुलीसाठी दुसरी वाट जास्त खरी वाटते. २००८ मध्ये जर्मन परराष्ट्र खात्यानं ‘पाश’ हा उपक्रम सुरू केला. त्यात सुमारे २००० शाळा आहेत आणि बहुसंख्य त्या-त्या देशाच्या साध्या शाळा, भारतातल्याही. तिथं जर्मन शिकवायला इथलीच माणसं लागतात.

मात्र बी-१ वर वर्ग घेता येत नाही. बी.ए. संपेपर्यंत बी-२, मग सी-१ या वरच्या पातळ्या, जोडीला बी.एड. मॅक्स म्युलर भवनाचं, म्हणजे जर्मन भाषा-संस्कृती केंद्राचं, शिक्षक-प्रशिक्षणही आहे, ते जरूर करावं.

एक धोका सांगून ठेवतो. २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून शिकवली जाणारी जर्मन वर्षाच्या मध्येच हटली, तिच्या जागी संस्कृत आली. सरकारी धोरणावर उभा असलेला विषय असा हलतो. म्हणून भाषांतराचा हातही तयार ठेवावा.

आणि हो, तिला शिकवायला आवडतं का, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. जर्मनमध्ये लिहिलं तरी चालेल.