खारपाणपट्ट्यातून पीएच.डी.: आधी प्रश्न, मग अर्ज

ताई, तुम्ही विचारलंय की खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे भूजल खारट असलेल्या पट्ट्यातल्या, दर्यापूर तालुक्यातून भूशास्त्रात एम.एस्सी. करून हवामान-पर्यावरणात पीएच.डी. मिळेल का, आणि बाबा म्हणतात तसा आणखी पाच वर्षं घरावर भार पडेल का.

बाबांना आधी सांगा, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये मिळतात, पुढे 42,000, घरभाडं वेगळं. जेआरएफ हुकली तरी वाट बंद होत नाही. प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. फक्त एका वेळी एकच घेता येते.

तुमचा विषय सीएसआयआर नेटमध्ये येतो, पृथ्वी-वातावरण-महासागर विज्ञानाच्या पेपरात. पर्यावरणशास्त्र मात्र यूजीसी नेटमध्ये आहे. ज्या मैत्रिणीचं तुम्ही लिहिलंय, तिने फॉर्म भरण्याआधी हे नक्की बघावं. 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात.

आता खरी गोष्ट. मी मूर्तिजापूरकडचा. गाइड शोधताना प्राध्यापकांना पाठवलेल्या माझ्या पहिल्या पंधरा-वीस मेलमध्ये एकच वाक्य होतं, "मला हवामान बदलावर काम करायची इच्छा आहे." एकाचंही उत्तर आलं नाही. मग आमच्या विहिरीबद्दल लिहिलं. पावसाळ्यानंतर तिचं पाणी जरा बरं असतं, मे महिन्यात गुरंही तोंड लावत नाहीत, आणि कोसभरावरची विहीर बारमाही गोड. असं का? तीन दिवसांत एका प्राध्यापकांचा फोन आला.

आपला पूर्णा नदीचा गाळ म्हणजे उघडी प्रयोगशाळा आहे. चिकणमाती इतकी बारीक की पाणी खाली झिरपत नाही. हवा कोरडी असली की जमिनीत चुनखडी साचते, कॅल्शियम त्यात अडकतं आणि सोडियमचं प्रमाण वाढतं. आपल्या चोपण, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेल्या, जमिनीचं हे एक मोठं कारण. म्हणजे हवामान, माती आणि भूजल एकाच बांधावर भेटतात. हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मुलाला पुस्तकात वाचावा लागतो, तुम्ही ते पाणी प्यायलात!

संस्था लांब नाहीत. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, तिथली पीएच.डी. एसीएसआयआर या सीएसआयआर प्रयोगशाळांच्या विद्यापीठामार्फत होते आणि प्रवेश वर्षातून दोनदा निघतात. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थाही नागपुरातच. मान्सून आणि विजांवर काम करायचं असेल तर पुण्याची आयआयटीएम, ध्रुवीय प्रदेशांवर करायचं तर गोव्याची एनसीपीओआर, भूभौतिकीसाठी हैदराबादची एनजीआरआय. आयआयटी मुंबईत भूविज्ञान आणि हवामान अभ्यास दोन्ही आहेत. जर्मनी-नेदरलँड्समध्ये बऱ्याच ठिकाणी पीएच.डी. ही पगारी नोकरीच असते, पण जागेची जाहिरात वाचून त्या विषयालाच अर्ज करावा लागतो.

गाइड निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. किती वर्षं लागली, शेतात नमुने घ्यायला गाडी मिळते का, मुलींना फील्डवर राहायची सोय काय, हे तेच खरं सांगतील. मी विचारलं नव्हतं, दीड वर्ष त्यात गेलं.

अर्जाला वेळ आहे तोवर गावातल्या पाच विहिरी धरा. दर महिन्याला पाण्याची पातळी आणि विद्युतवाहकता (तिच्यावरून पाण्यातले क्षार कळतात) वहीत तारखेसह लिहा. मीटर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदाच मोजते, तुमच्याकडे बारा नोंदी असतील. मेलमध्ये पहिली ओळ त्याच वहीतली लिहा आणि पाठवण्याआधी मसुदा मला दाखवा.