पाठ म्हणतो, पण वाचत नाही!

"मॅडम, हा नुसतं वाचल्याचं नाटक करतो." साडेपाच वर्षांच्या मुलाच्या आईची ही तक्रार. विंदा करंदीकरांचं १९६१ सालचं 'राणीची बाग', म्हणजे प्राण्यांवरच्या छोट्या कविता, त्याला रोज रात्री तेच हवं. चित्र दिसलं की कविता घडाघडा म्हणणार, पण त्यातलाच शब्द पाटीवर लिहून दिला की गप्प. शेवटी वडिलांनी पुस्तक कपाटावर टाकलं आणि नुसत्या शब्दांचा सराव सुरू केला. मुलगा वाचन म्हटलं की पळायला लागला. पहिलीच्या तोंडावर अशी काळजी घेऊन बरेच पालक येतात.

मी पुस्तक मागवून घेतलं आणि त्याला म्हटलं, "कुठे काय लिहिलंय, मला दाखव ना." तो बोट फिरवत म्हणू लागला. ओळ अर्धीच म्हणून झाली होती, आणि बोट तिच्या टोकाला पोचलंसुद्धा! तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक अक्षराला त्याचं बोट छापलेला एकेक अख्खा शब्द पुढे सरकत होतं. तो अडखळला, स्वतःच मागे आला आणि या वेळी प्राण्याचं अख्खं नाव एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला.

आईवडिलांना मी हेच दाखवलं. ओळ पाठ होती म्हणून तर त्याला आपली चूक कळली. यमकांमुळे शब्दांतले आवाज कानाला सुटे होतात, पुढे काना-मात्रा जोडताना ते फार उपयोगी पडतं. पाठांतराने अक्षरं आपोआप येत नाहीत, ती शिकवावीच लागतात. पण त्यासाठी लाडकं पुस्तक काढून घेऊ नका.

तेच पुस्तक रोज वाचा, कुरकुर न करता. एखाद्या ओळीखाली बोट फिरवा. यमकाच्या शब्दाआधी थांबा, तो त्याला म्हणू द्या. आणि चित्रांवर भरपूर बोला. माधुरी पुरंदरे मुलांची पुस्तकं स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. त्यांच्या पानांवर मजकुरात नसलेलं कितीतरी सापडतं. परीक्षा मात्र अजिबात घेऊ नका.

दुसरीत गेल्यावरही, नीट शिकवूनही अक्षर आणि आवाज यांची जोडी जमत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी जरूर करून घ्या. घरात आणखी कुणाला वाचनाची अडचण असेल, तर तेवढंही थांबू नका.