वडील गेल्यावर खाजगी रानाची वाटणी करावी, की रान तोडून पैसे वाटून घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगमेश्वर तालुक्यात वडिलांच्या नावावर 11 एकर रान आहे, वडील गेल्या वर्षी वारले, तुम्ही चार भावंडं, त्यातली तिघं मुंबईला. एक ठेकेदार उभं रान एकरकमी मागतोय. काय करावं?

मी राजापूर तालुक्यातला. आमचंही 9 एकर रान आहे आणि 2011 साली मी तुमच्याच जागी होतो. माझं मत स्पष्ट आहे: हिस्से कागदावर पक्के करा, पण रान अखंड ठेवा.

आमच्या चुलतभावाने घाईत संमती दिली आणि ठेकेदाराने वरची निम्मी बाजू साफ केली. हातात आलेले पैसे दोन लग्नांत संपले. खालचा वहाळ (ओढा) आधी एप्रिलपर्यंत वाहायचा, तो पुढची तीन वर्षं शिमग्यालाच आटला आणि खालच्या कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) पाणी कमी पडलं. म्हणून सांगतो, ठेकेदाराला आज होकारही देऊ नका आणि इसारही (आगाऊ रक्कम) घेऊ नका.

पहिलं काम सातबाऱ्याचं. वारसाचा फेरफार (वारसांची नावं चढवण्याची नोंद) झाला नसेल तर मृत्यूचा दाखला घेऊन तो अर्ज आजच करा. बहिणींची नावं वगळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, आणि त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने स्वतःहून नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. आई हयात असेल तर तीही वारस आहे, हे लोक हमखास विसरतात. ही नोंद लांबवली तर काय होतं ते आमच्या सातबाऱ्यावर दिसतं: आजोबांच्या वेळी 3 नावं होती, आज 27 आहेत, आणि त्यातल्या दोघांचा पत्ता कोणालाच माहीत नाही.

मग ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. तिथे खाजगी वनाचा किंवा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35 खालच्या नोटिशीचा शेरा आहे का? महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झाला आणि त्याखाली अशी रानं शासनाकडे गेली. एकूण जमीन 12 हेक्टरच्या आत असलेल्या मालकाला ती परत मिळण्यासाठी याच अधिनियमात कलम 22अ आहे. शिवाय कलम 35 ची नुसती नोटीस निघाली एवढ्यावर रान शासनाचं होत नाही, ती मालकाला बजावलेली असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या गोदरेज प्रकरणात सांगितलं. शेरा असेल तर जुन्या फेरफारांच्या नकला काढून महसूल जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. हे न बघता केलेली वाटणी पुढे अडकते.

आता वाटणी. चौघांना पावणेतीन-पावणेतीन एकर असे उभे पट्टे पाडले, तर प्रत्येकाला वरच्या सड्यापासून (कातळाच्या पठारापासून) वहाळापर्यंत वाट लागेल, मोजणी लागेल, गडगा (दगडी कुंपण) लागेल. त्यातला एक पट्टा तुटला की उरलेल्या तिघांत वणवा शिरायला वाट मोकळी. म्हणून आम्ही नोंदणीकृत लेख केला. त्यात प्रत्येकाचा हिस्सा लिहिला, उत्पन्न हिस्स्याप्रमाणे वाटायचं ठरलं, ज्याला बाहेर पडायचं त्याने आधी भावंडांना विचारायचं, आणि सगळ्यांच्या लेखी संमतीशिवाय तोड नाही. गावात राहणाऱ्याला देखभालीचा मोबदला आधी बाजूला काढायचा. या एका कलमाने आमच्या घरातली निम्मी भांडणं मिटली, कारण राबणारा एक आणि हिस्सेदार सगळे, हे दुखणं सगळीकडे आहे. आपल्या हिस्स्याचं मृत्युपत्रही ज्याने त्याने दोन साक्षीदारांसमोर करून ठेवावं.

रानातून पैसा येतो, पण दरवर्षी थोडा थोडा. मानगा बांबू लावा. खाजगी जमिनीवरच्या बांबूला 2017 पासून केंद्राच्या वन कायद्यात झाड मानत नाहीत, त्यामुळे त्याची तोड-वाहतूक सोपी झाली. तीन वर्षांची काठी काढायची, कोंब राखायचे. हिरडा, बेहडा, रातांबा (कोकम) आहेच. खैराला सावर्डे भागातल्या कात कारखान्यांमुळे मागणी असते, पण खैर, ऐन, किंजळ, साग, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका. काजू फक्त उजाड कातळाकडेच्या भागात लावा, उभं रान काढून नको. जानेवारी संपण्याआधी हद्दीवर वणवा अडवणारा जाळपट्टा काढा.

एक वही करा. मोठ्या झाडांचा छातीच्या उंचीला सुतळीने घेर मोजून लिहा. आमच्या वहीतलं पहिलं झाड बेहडा आहे. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो. झाडाखाली बियांचा सडा पडतो, त्यातून जी रोपं उगवली ती आम्ही तुटलेल्या बाजूला लावली. त्यातली काही आज माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत.

मे महिन्यात सगळी भावंडं गावी येतील तेव्हा एक दिवस काढा आणि हद्द ठाऊक असलेला एखादा जुना माणूस सोबत घेऊन चौघंही रान फिरा. बैठक त्यानंतर घ्या. लेखाचा मसुदा करताना अडलं तर इथेच विचारा, आमच्या लेखातली कलमं मी सविस्तर सांगेन.